रोह्याला येऊन अष्टमीला न आल्याबद्दल

पेण,
सोमवार, २ फेब्रुवारी

ती. सौ. बायजावन्सं यांना पेणहून सरूचा वाकून नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पट्टी निघाली आणि पहिल्यांदा काय दिसलं तर हैबतराव भावजींचं टक्कल, असं तुम्ही आमच्या ऋत्विकला फोनवर सांगितलंत म्हणे. ऐकून बरं वाटलं. दिसायला लागलं हे महत्त्वाचं, काय दिसेल ते आपल्या हातात नसतं. औषधाचे थेंब वेळेवर घाला, वाकून केर काढू नका, चुलीच्या धुरात बसू नका. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली आहे, म्हणजे हे पत्र भावजीच तुम्हाला वाचून दाखवणार हे मी धरून चालले आहे. (भावजी, तुम्हालाही नमस्कार. गुडघा कसा आहे? चष्मा लावा, माझं अक्षर बारीक आहे. सावकाश वाचा आणि सगळं वाचा. कंसातलंसुद्धा.) पत्राची पानं आठ आहेत. वन्सं, वाचून झालं की पानं हातात घेऊन मोजा, मोजायला डोळे लागत नाहीत. फोनच का केला नाही म्हणाल, तर तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि भावजी मध्ये बोलतात. पत्राच्या मध्ये कुणाला बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

मागच्या गुरुवारी मी रोह्याला आले होते आणि पूल ओलांडून अष्टमीला तुमच्या घरी न येता तशीच परत गेले, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. भाऊ गेला, आता भावजयीला नणंदेचं दार कशाला दिसेल, असं तुम्ही म्हणालात असंही माझ्या कानावर आलं. तुम्ही म्हणालात की नाही ते मी विचारत नाही. म्हणाला असाल तर परत घ्या, म्हणाला नसाल तर मी हे लिहिल्याबद्दल रागावू नका. आले होते हे खरं. सकाळच्या गाडीने आले, दुपारच्या गाडीने गेले, बाजारात उसाचा रस प्यायले तेवढीच रोह्याची भाकर पोटात. पुलाच्या तोंडाशी पाच मिनिटं उभीही राहिले. पण मी इतकी रागात होते की तुमच्याकडे आले असते तर भांडण झालं असतं, भांडणात तुम्ही रडला असता, आणि तुमच्या डोळ्याला तेव्हा चारच दिवस झाले होते. म्हणजे मी आले नाही ती तुमच्याच डोळ्यासाठी. राग कशाचा, ते आता सांगते. थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

स्टँडजवळचा आपला गाळा तुम्हाला ठाऊक आहे. आठ बाय दहाचा, समोर पायरी, पावसात डावीकडून गळतो. एकोणीस वर्षं आपण तिथे भाड्याने पोह्याचे पापड, मिरगुंड, पोहे विकतो आहोत. गाळ्याच्या मालकांनी दिवाळीनंतर सांगितलं की त्यांना विकायचा आहे, मोबाइलवाला अठरा लाख द्यायला तयार आहे, पण पहिला हक्क तुमचा, पाडव्यापर्यंत थांबतो. माणूस सज्जन आहे. (सज्जन असून अठरा लाख मागतो, दुर्जन असता तर काय केलं असतं कोण जाणे.) विम्याचे, ठेवीचे, बचत गटातले असे सगळे गोळा केले तर माझ्याकडे अकरा लाख होतात. कमी पडतात सात. सात लाख मिळाले तर गाळा माझा. नाही मिळाले तर पाडव्याच्या दिवशी तिथे मोबाइलची कव्हरं लटकणार, आणि मी आणि माझ्याबरोबर लाटणाऱ्या पाच बाया टोपल्या घेऊन फुटपाथवर. हे एवढं साधं गणित घेऊन मी कर्ज मागायला निघाले.

मला कर्ज मिळणार याबद्दल शंका नव्हती, आणि त्याला कारण होतं. तुमच्या भावाचा फोन मी अजून चालू ठेवला आहे, कारण पापडांच्या ऑर्डरी त्याच नंबरवर येतात. त्या फोनवर दर आठ-दहा दिवसांनी निरोप येतो. प्रिय बाबाजी, अभिनंदन, आपल्या उत्तम परतफेडीमुळे आपल्याला साडेसात लाखांचं कर्ज आधीच मंजूर झालं आहे, कागदपत्रं नकोत, फक्त होय म्हणा. माणूस जाऊन चौदा महिने झाले, वन्सं. होय म्हणायला तो कुठून येणार? एकदा तर एका मुलीचा फोनच आला, बाबाजी सरांशी बोलायचं आहे. मी म्हटलं, ते वारले. ती म्हणाली, ठीक आहे मॅडम, त्यांना कधी वेळ असेल? त्या दिवशी मी हसले, आणि हसता हसता पापडाची लाटी तव्यावर टाकली, लाटायच्या आधीच. पण मनात म्हटलं, वारलेल्या माणसाला घरबसल्या साडेसात लाख देतात तर जिवंत बाईला, ती स्वतः चालत गेली तर, सात देतीलच. अर्धा लाख तर मी कमीच मागत होते.

एका फायनान्स कंपनीत गेले. नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडे गेले असते तरी हेच झालं असतं असं तिथल्या मॅडमनीच मला सांगितलं. प्रतिक्षा मॅडम म्हणून आहेत, चाळिशीच्या, बोलायला गोड, टेबलावर नवऱ्याचा आणि मुलीचा फोटो. मी सवयीने पापडाचं पाकीट पुढे केलं, त्यांनी घेता येत नाही म्हणून बाजूला सारलं. मग फॉर्म भरायला लागलो. नाव, वय, पत्ता इथपर्यंत आमचं छान जमलं. पुढचं बोलणं मात्र जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते पाठ झालं आहे.

"मावशी, तुमचं महिन्याचं उत्पन्न?"

"दोघांचं मिळून पंचेचाळीस हजार होतं."

"दोघांचं असं नसतं. काका किती कमवायचे?"

"पंचेचाळीस हजार."

"आणि तुम्ही?"

"तेच पंचेचाळीस हजार."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मीही हात मांडीवर ठेवले. मी त्यांना समजावून सांगितलं की पोहे दळायची मी, पीठ कुटायची मी, लाटायची आणि लाटून घ्यायची मी, वाळवायची मी, आणि बांधून गाळ्यावर बसून विकायचे ते. आता एका पापडाच्या किमतीत लाटण्याचे किती आणि विकण्याचे किती, हे एकतीस वर्षांत आम्हाला कधी वेगळं करावंसं वाटलं नाही. भात शिजला की त्यातलं पाणी कुठलं आणि तांदूळ कुठला हे कोण विचारतं? मॅडम म्हणाल्या, तुमचं म्हणणं पटतं, पण कागदावर दुकान काकांच्या नावाने, खातं काकांच्या नावाने, रिटर्न काकांच्या नावाने, म्हणजे उत्पन्न काकांचं. तुमचं उत्पन्न निरंक. निरंक हा शब्द त्यांनी फार हळू आवाजात उच्चारला, आजाऱ्याजवळ बोलतात तसा. मी विचारलं, मग ते गेल्यावर चौदा महिने मी एकटी गाळा चालवते आहे, त्याचं काय? तर त्यांनी खात्याची प्रत मागितली. आणि इथे वन्सं, आपल्याच घरचं शहाणपण नडलं. तुमचा भाऊ गेल्यावर गिऱ्हाईक पैसे भरतं तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन बदलायला हवा होता. ऋत्विक पुण्याहून आला होता, त्याने रडत रडत पाच मिनिटांत तो बदलून दिला. कुणाच्या खात्याचा लावला? स्वतःच्या. आई, तुला त्या फोनमधलं कळणार नाही म्हणाला. म्हणजे गेले चौदा महिने पापड मी लाटते आहे आणि उत्पन्न पुण्याला वाढतं आहे. पोरगा प्रामाणिक, पै न् पै मला पाठवतो, पण पाठवतो ते "मुलाने आईला दिलेले" म्हणून कागदावर येतं. मी कमावलेल्या पैशांवर मी मुलाची आश्रित ठरले. आणि त्याच्या बँकेने त्याची आवक पाहून त्याला सोनेरी रंगाचं कार्ड पाठवलं आहे.

मॅडमनी एक वाट सुचवली. मुलाला मुख्य अर्जदार करा, गाळा त्याच्या नावावर घ्या, तुम्ही आहातच. ऋत्विकही हेच म्हणाला, आई, तू नुसती बस. मुलगा गुणी आहे, पण वन्सं, मी नुसती कधी बसले आहे? एकतीस वर्षं मी होतेच. असून काय झालं ते निरंक या शब्दात आलं. आता जो गाळा होईल तो सरूच्या नावाने होईल, नाहीतर मी फुटपाथवर सरूच्या नावाने बसेन. हे मी तिथेच सांगितलं आणि थोडं मोठ्याने सांगितलं, कारण बाकीच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली होती.

मग खर्चाचा रकाना आला. मी म्हटलं, मला एकटीला महिन्याला सहा हजार पुरतात. कॉम्प्युटर सहा घेईना. बारा हजाराखाली तो मानतच नाही, एका माणसाला एवढं लागतंच म्हणे. मी काय खाते, किती खाते, हे मला विचारून तो मला खोटं ठरवतो. मॅडमना म्हटलं, त्याला सांगा मी संध्याकाळी पेज पिते. मॅडम हसल्या, पण बारा हजारच लिहिले. आता तुम्हीच बघा. कमाई मोजायची वेळ आली तेव्हा नवरा-बायको मिळून एक, आणि तो एक म्हणजे नवरा. खर्च मोजायची वेळ आली तेव्हा मी पूर्ण एक, शिवाय दुप्पट खाणारी. आणि याच्यावर कळस म्हणजे मॅडमनी मोठ्या आनंदाने सांगितलं की आमच्याकडे महिलांना व्याजात खास सवलत आहे. कर्ज नाही, पण सवलत आहे. लग्नाला बोलावणं नाही, पण आलात तर तुम्हाला पंगतीत पहिला मान.

तरी मी उठले नव्हते. मी म्हटलं, आमचा परतफेडीचा इतिहास बघा. चक्कीचं कर्ज, स्कूटरचं कर्ज, गाळ्याच्या अनामतीचं कर्ज, तीन कर्जं आम्ही फेडली, एक हप्ता चुकला नाही. तुमच्या भावाला बँकेच्या रांगेचा कंटाळा. हप्ता घेऊन मीच जायची, तिथले शिपाई मला पाच तारखेच्या बाई म्हणायचे. टाळेबंदीत विक्री बंद होती तेव्हा मी माझी बोरमाळ मोडून हप्ते भरले. (वन्सं, ती दुरुस्तीला दिली आहे असं तुम्हाला सांगितलं होतं. दिली नव्हती.) मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, काकांचा स्कोअर फार छान आहे, सातशे एक्याण्णव. माझ्या बोरमाळेने त्यांचा स्कोअर वाढला. आणि माझा? मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पाचशे चौसष्ट. नऊशेपैकी. पास व्हायला सातशे लागतात. यात जन्मल्याबद्दल तीनशे आधीच धरलेले असतात, म्हणजे संसाराचे म्हणून मला दोनशे चौसष्ट मिळाले.

मी विचारलं, माझ्या नावावर काहीच नाही तर मी नापास कशी झाले? काही नसलेल्याला तसं काही नसतं का? मॅडम म्हणाल्या, काही नाही असं नाही, मावशी. एक आहे. तुमच्या नावावर एक टेम्पो आहे.

(भावजी, इथे थांबा. पाणी प्या. चष्म्याला वाफ आली असेल तर पुसा. आता पुढे वाचा, आणि आवाज मघाचाच ठेवा, वन्सं ऐकताहेत.)

होय वन्सं, तोच टेम्पो. आठ वर्षांपूर्वी भावजींनी घेतला, पुढे लिंबू आणि मागे "बायजाची कृपा" लिहिलं होतं तो. त्याच्या कर्जाचे कागद घेऊन भावजी पेणला आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी नुकतंच पाच किलो पीठ कुटून ठेवलं होतं. कुटलेलं पीठ थांबत नाही, लगेच लाटलं नाही तर कडा फाटतात आणि सगळा घाणा वाया जातो. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलापिठाचे. भावजी कागद धरून उभे आणि म्हणाले, "वहिनी, नुसती फॉर्म्यालिटी हाय. पेन्सिलीची फुली हाय तितं सही मारा." मी पदराला दोन बोटं पुसली आणि फुली होती तिथे सही केली. एक नव्हे, अकरा ठिकाणी. कागदाला तेलाचे डाग पडले म्हणून भावजी मलाच ओरडले. तुमच्या भावानेही सही केली. मी समजले आपण साक्षीदार. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही हे तुम्हाला माहीत आहे, पुढचं जे काही वाचलं ते पापड बांधायला आणलेल्या रद्दीतून आणि मग वाचनालयातून. रद्दीचं पान पूर्ण वाचल्याशिवाय मी त्यात पापड बांधत नसे. तुमचा भाऊ म्हणायचा, आपल्याकडे गिऱ्हाईक उभं राहतं ते पापडासाठी नाही, सरूचं पान संपायची वाट बघत. अशी मी, दुसऱ्याच्या गावची जुनी बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी, आणि माझ्या नावाचे अकरा कागद मी वाचले नाहीत. पीठ वाळत होतं म्हणून. मॅडमनी सांगितलं, साक्षीदार नाही, तुम्ही दोघंही सहकर्जदार. म्हणजे टेम्पो भावजींचा, भाडं भावजींचं, आणि कर्ज आमचंही.

नवऱ्याबरोबर मिळवलेलं माझं धरत नाहीत आणि नणंदेच्या नवऱ्याने बुडवलेलं धरतात. कुठला कायदा हा? मी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या कायदा नाही, सही आहे.

बुडवलेलं हा शब्द भावजींना लागेल, म्हणून सविस्तर लिहिते. टाळेबंदीत टेम्पो उभा राहिला, हप्ते थकले, दंड चढला, हे कुणाच्याही हातातलं नव्हतं. त्याबद्दल मी शब्द बोलत नाही. पण नंतर टेम्पो सुरू झाला तरी हप्ते सुरू झाले नाहीत. शेवटी बाकी एक लाख एक हजार दोनशे झाली, तेव्हा कंपनीच्या माणसाने भावजींना सांगितलं, साठ हजार रोख भरा आणि सुटा. भावजींनी साठ भरले. एकेचाळीस हजार दोनशे सुटले. त्या आनंदात अष्टमीला तुमच्या अंगणात मटणाचं जेवण झालं, चाळीस पानं उठली, आणि भावजींनी पाटावर बसून सगळ्यांना सांगितलं की कंपनीला कशी वाकवली. आम्ही दोघंही होतो. मीही मटण खाल्लं, तांदळाच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि रस्सा चांगला झालाय म्हणून तुमच्याकडे मसाल्याचं प्रमाण विचारलं. मला काय ठाऊक की मी माझेच दोनशे गुण खाते आहे? कंपनीने त्या दिवशी तिन्ही नावांपुढे लिहून टाकलं, तडजोड केली, पूर्ण फेडलं नाही. तुमच्या भावाची बाकीची तीन कर्जं चोख होती म्हणून त्याला तो डाग पचला. माझ्याकडे तेवढं एकच होतं. पांढऱ्या लुगड्यावर एकच डाग, तोही टेम्पोच्या ऑइलचा. (भावजी, हा परिच्छेद वन्संना पुन्हा एकदा वाचून दाखवा.)

खरं सांगते, मॅडमवर माझा राग राहिला नाही. मी उठताना त्यांनी विचारलं, मावशी, सहकर्जदार म्हणून सही केली तर नावावर काय येतं हो नेमकं? मी म्हटलं, हे तुम्ही मला विचारता? त्या म्हणाल्या, आमच्या फ्लॅटला मीच हप्ता भरते, पगार माझा जास्त आहे, पण अर्जात पहिलं नाव ह्यांचं आणि खरेदीखतात एकट्या ह्यांचं. मग त्यांनी बाजूला सारलेलं पापडाचं पाकीट उचलून पर्समध्ये ठेवलं. निघताना त्यांनी मला चिठ्ठीवर दोन कामं लिहून दिली. एक, धंद्यासाठी स्वतःच्या नावाचं वेगळं खातं आणि स्वतःच्या नावाचा चौकोन. दोन, रोह्याला त्या टेम्पोवाल्या कंपनीत जाऊन सुटलेली रक्कम भरता येते का विचारा, भरली तर तडजोड हा शब्द जाऊन खातं बंद असं लागतं. महिना-दीड महिना लागतो. म्हणजे पाडव्याच्या जेमतेम अलीकडे. पुढचं तेव्हा बघू, असं त्या म्हणाल्या. होईल असं म्हणाल्या नाहीत, तेही लिहिते.

म्हणून मी रोह्याला आले. कंपनीची जुनी जागा सोडून ते एका व्यायामशाळेच्या वर गेले आहेत, तीन जिने, खाली तरणी पोरं लोखंड उचलताहेत आणि वर मी माझा स्कोअर उचलायला. तिथल्या माणसाने खातं काढलं, आधी माझ्याकडे आणि मग त्या आकड्याकडे बघितलं, आणि म्हणाला, आजी, हे तर कंपनीने सोडून दिलंय, भरायला कोण येतं? मी म्हटलं, ज्याचं नाव लागलंय तो. मग मी करारनाम्याची प्रत मागून घेतली. अडतीस पानं. रोहा स्टेशनच्या बाकावर बसून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोन गाड्या गेल्या. माझ्या सह्या ओळखू आल्या, कागदाच्या नकलेवरसुद्धा तेलाचे डाग उतरले आहेत. प्रत्येक सहीच्या खाली तुमच्या भावाची सही होती. त्याची सही बघायची मला सवय राहिली नव्हती. "बाबाजी" मधला "जी" तो शेपटी काढून लिहायचा. अकरा वेळा बघितली. घरी अजून पीठ संपत आलं की शेवटचे चार पापड हात आपोआप छोटे लाटतो, त्याला छोटे आवडायचे म्हणून, आणि मग ते चार कुणाला विकायचे हा प्रश्न पडतो. तेव्हा त्या अकरा सह्यांनी मला काय झालं असेल ते तुम्ही समजून घ्या. अशा अवस्थेत मी तुमच्या दारात आले नाही. पुढच्या वेळी येईन, दोन दिवस राहीन, तुमच्यासाठी मिरगुंड आणीन.

बाकी इकडे क्षेमकुशल. ऋत्विक बरा आहे, त्याला मी चौकोनावरून बोलले, तो वरमला. तुम्ही डोळ्याला जपा. आमच्यात वाकडं काही नाही, निदान तुमच्या माझ्यात नाही.

तुमची भावजय,
सरू

ता. क. एकेचाळीस हजार दोनशे मी त्याच गुरुवारी भरून टाकले. अकरा लाखांतले. पावती सोबत जोडली आहे, भावजी, ती वन्संच्या हातात द्या. आता गाळ्याला तेवढे कमी पडतात. तेव्हा भावजींनी दर महिन्याला चार हजार असे दहा महिने आणि शेवटी बाराशे द्यायचे. रोख नको, कुणाबरोबर पाठवायचे नाहीत, आणि ऋत्विकच्या खात्यात तर मुळीच नाहीत. माझं नवं खातं झालं आहे, नंबर पावतीच्या मागे लिहिला आहे. मॅडमना विचारलं, नणंदेच्या नवऱ्याकडून येणारे पैसे उत्पन्नात धरता येत नाहीत म्हणाल्या. न धरोत. खात्यात माझ्या नावाने काहीतरी हललेलं दिसलं म्हणजे झालं. दहा तारखेच्या आत पाठवायचे. हे पत्र मुळात त्यासाठी लिहिलं आहे.

ता. क. दुसरा. वन्सं, एक गोष्ट आठ पानांत लिहिली नाही, ती लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवता येईना. तुमच्या भावाला ती सही करायची नव्हती. भावजी कागद घेऊन यायच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता, बहिणीचं आहे, हवे तर वीस-पंचवीस हजार हातावर ठेवू, सही नको. मी त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, दिलेले पैसे परत येत नाहीत, सही फुकट असते, आणि टेम्पो झाला तर आपले पापड पनवेलला बिनभाड्याने जातील. तो माझं ऐकायचा. टेम्पोने आपले पापड दोनदा नेले. तेव्हा ही चूक माझी, एकटीची, कागदावर आणि कागदाबाहेरही, ती मी भावजींच्या नावावर टाकत नाही. चार हजार मात्र दहा तारखेच्या आत.